पहिली नानकटाई तुमची

पुणे, पौष महिना

ती. आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहितेय. फोनवर बाबा "सगळं उत्तम, आईकडे देतो" म्हणतात आणि आई, तू मुलींचा अभ्यास, माझी कंबर, ह्यांची फिरती असं सगळं विचारतेस. तुमच्या दोघांबद्दल बोलायचं राहूनच जातं. म्हणून म्हटलं, कागदावर निवांत बोलू. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईने ऐकावं. मधे चहा घेतलात तरी चालेल.

आधी बाबांना हवी ती बातमी. तुम्ही दादाकडे गेल्यापासून आपली बिल्डिंग पाडून नवी बांधतायत ना, तिचा चौथा स्लॅब भरून झाला. कोपऱ्यावरचा कडुनिंब शाबूत आहे, त्याला पत्र्याचं कुंपण घातलंय. मी महिन्यातून एकदा तरी तिकडून चक्कर मारते. वॉचमनशी ओळख झाली आहे, तो "बाबा कधी येणार" म्हणून विचारतो.

घर रिकामं करताना जे सामान माझ्याकडे आलं, त्यातला गोल ओव्हन मी मागच्या महिन्यात खाली काढला. ॲल्युमिनियमचा, झाकणाच्या मधोमध काचेची चकती असलेला. त्याच्यावर आईने नेलपॉलिशने घातलेली खूण अजून आहे, भांडी लग्नकार्यात शेजारी गेली की परत ओळखू यावीत म्हणून घालायचीस ती. आमच्याकडे नवा, आकडे दाखवणारा ओव्हन आहे आणि तो चांगला आहे, पण रवा केकला मला हाच हवा होता. ह्याला तापमानाचं बटण नाही. तू कागदाच्या तुकड्यावर चिमूटभर मैदा ठेवून आत सरकवायचीस आणि मैदा बदामी व्हायला किती वेळ लागतो त्यावरून ठरवायचीस. मी तेच करते. मोठी लेक शेजारी उभी राहून बघते आणि तिला त्यात भारी गंमत वाटते.

तू विचारलं होतंस की मी सोडा घालते की बेकिंग पावडर. रव्याच्या केकला सोडा, कारण दही असतं. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, दह्याशी गाठ पडली की लगेच बुडबुडे येतात, म्हणून सोडा घातल्यावर पीठ ताटकळत ठेवायचं नाही, भांडं तडक ओव्हनमध्ये. दूध घालून केक केला तर पावडर. तिच्यात आंबट घटक आधीच मिसळलेला असतो आणि तिचा बराचसा जोर उष्णता लागल्यावर येतो, त्यामुळे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. रवा मात्र दह्यात अर्धा तास भिजलाच पाहिजे, हे तुझंच.

पण खरं सांगायचं ते नानकटाईबद्दल.

आठवतंय ना, दिवाळीच्या आधी भट्टीवर जायचो ते? घरी मोजून घेतलेला मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा, सगळं बाबांच्या सायकलला लटकायचं. मी पुढच्या दांडीवर, दादा कॅरिअरवर, आणि आई मागून चालत. बेकरीच्या मागच्या अंगाला ती लांब खोली, पत्र्याच्या काळ्या ट्रेंची चळत, जमिनीवर परातीला परात लावून बसलेल्या बायका. पदर खोचून तू तूप फेसायला घ्यायचीस. हाताने, एकाच दिशेने, पिवळं तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. तेव्हा मला वाटायचं हे उगाच इतका वेळ चाललंय. आता लेकीला सांगते की त्या फेसण्यात तुपात हवा अडकते आणि त्या हवेमुळे नानकटाई हलकी, खुसखुशीत होते. मग वेलदोडा, जायफळ, थोडं बेसन. आम्ही दोघं गोळे वळायचो, तू प्रत्येकावर अंगठा दाबायचीस आणि बाबा चारोळी लावायचे. बाबा, तुमच्या चारोळ्या अगदी मधोमध असायच्या. ऑफिसातला तो नीटनेटकेपणा तुम्ही भट्टीवरही सोडला नाहीत.

भट्टीवाले काका लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ट्रे आत सरकवायचे. आपल्या ट्रेवर चिठ्ठी. आपला नंबर कधी लागतो ह्याची वाट बघत दादा आणि मी खारीचा वास घेत बसायचो. परत येताना डब्यांची झाकणं तू किलकिली ठेवायचीस, वाफ आत कोंडली तर नानकटाई मऊ पडते म्हणून. सगळ्या आळीला कळायचं की आज ह्यांची नानकटाई झाली.

घरी आल्यावर पहिली बशी देवापुढे. मग बाबांना, मग आम्हाला, मग वरच्या मजल्यावरच्या आजींना, मग समोरच्यांना, आणि डबा बंद होऊन फडताळात. आई, तू तुटलेल्या खायचीस, ओट्याशी उभी राहून, पुढच्या कामाकडे बघत. एवढ्या वर्षांत तू एक अख्खी नानकटाई बशीत घेऊन, खुर्चीत बसून खाल्लेली मला आठवत नाही. फार शोधलं मनात. नाही आठवत.

गेल्या काही महिन्यांत माझ्या मनात हेच घोळतंय. त्या घरातला आनंद तू केलास, आणि तू स्वतः त्याच्या शेवटच्या रांगेत उभी राहिलीस. तक्रार न करता, हसत. त्या हसण्यावर आम्ही दोघं वाढलो. आता मला वाटतं की तुझा नंबर पहिला यावा. आणि बाबांचाही, कारण तेही त्याच मातीचे. पगार झाला की तुम्ही ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतून श्रुजबेरी बिस्किटं आणायचात, दुपारी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ऑफिसातून लवकर निघून. दोरीने बांधलेला तो खोका घरी आला की मोजून वाटे व्हायचे आणि तुमचा वाटा दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात निघायचा. कयानी १९५५ची, म्हणजे तुमच्याहून चार वर्षांनी लहान. अजून तशीच रांग असते.

मी आता रविवारची दुपार स्वतःची म्हणून ठेवते. सकाळी टेकडीवर जाऊन येते, आल्यावर केसांना तेल, सावकाश आंघोळ, आणि जेवणानंतर दोन ते पाच हा वेळ माझा. फोन आतल्या खोलीत. ह्यांना आणि मुलींना ते माहीत आहे, कुणी हाक मारत नाही. कधी मी काही भाजते, कधी नुसती झोपते. भाजायला घेतलं तर लेकी आपणहून येतात, ते वेगळं. ट्रे बाहेर आला की पहिली नानकटाई मी खाते. गरम असताना ती मऊ असते, उचलताना तुटायला बघते, गार झाल्यावरच खुसखुशीत होते. पण त्या गरम, हातात मोडणाऱ्या नानकटाईची चव काही औरच. म्हणजे आई, तुझ्या वाट्याला आलेल्या तुटक्या बहुतेक सगळ्यात चवदार होत्या. फक्त त्या बसून खायला हव्यात, एवढंच माझं म्हणणं.

बाबांसाठी एक खास. परवा मुलींना घेऊन बोहरी आळीत गेले होते, पत्र्याचे ट्रे आणि बटर पेपर आणायला. वनाजला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली आणि थेट मंडईला उतरलो. बाबा, मंडईच्या खाली स्टेशन आहे! सरकत्या जिन्याने वर आलो तर समोर भाजीचे ढीग आणि तो ओळखीचा वास, कोथिंबिरीचा, ओल्या पोत्याचा. २०२४च्या सप्टेंबरात हा मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला, तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते म्हणून जमलं नाही. स्टेशनात लिफ्ट आहे. तुम्ही आलात की आपण जाऊ, भाजी घ्यायची, आणि एका बाकावर बसून तुम्ही मुलींना सांगायचं की सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या लावून तुम्ही इथून घरापर्यंत कसे यायचात.

आणि बाबा, पानशेतची गोष्ट. धाकटीला शाळेत प्रकल्प होता, आजी-आजोबांच्या लहानपणची एक गोष्ट. मी तिला १२ जुलै १९६१ सांगितला. पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, नारायण पेठेत पाणी शिरलं, तुम्ही दहा वर्षांचे, आणि आजी तुम्हा भावंडांना घेऊन पर्वतीकडे निघाली. दागिने घरात राहिले आणि घाईत तिच्या हाताला लागला तो शंकरपाळ्यांचा डबा. वर टेकडीवर तो डबा उघडला आणि कुणाच्या कोण मुलांना तिने मूठमूठ वाटला. मला एवढंच येतं. तुम्ही सांगता तेव्हा त्यात कोण शेजारी होतं, पाऊस कसा होता, रात्री कुठे निजलात, सगळं असतं आणि तुमचा चेहरा उजळतो. म्हणून एक वही पाठवतेय, दोनशे पानी, रेघांची. रोज एक पान लिहा. शुद्धलेखन बघू नका, क्रम लावू नका. आमच्या उपयोगाचं व्हावं म्हणून लिहू नका, तुम्हाला लिहिताना बरं वाटेल म्हणून लिहा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे आकाशवाणीच्या बातम्या झाल्या की आपल्या घरात जी शांत अर्धी घटका असायची, तुमचा दुसरा चहा आणि शब्दकोडं, ती वेळ चांगली आहे. दादाच्या मोबाइलवर आकाशवाणी लागते, वहिनी लावून देईल. तिला सांगायला संकोच करू नका. तिला ते आवडतं, तिने मला स्वतः सांगितलंय.

आता जरा हट्टाचं. बाबा, कानाचं मशीन कपाटात नको, कानात हवं. सुरुवातीला पंख्याचा, भांड्यांचा आवाज टोचतो हे खरं आहे. घरात शांत वेळी थोडा थोडा वेळ लावत गेलं की सवय होते. आई बोलते आणि तुम्ही मान हलवता, पण ती काय म्हणाली ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तिच्या बोलण्यात फार मजा असते, ती तुमच्याकडून निसटतेय.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन "उन्हाळ्यात बघू" असं म्हणू नकोस. त्याला आता ऋतू बघावा लागत नाही. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, आणि मी रजा काढून पंधरवडा येऊन राहणार आहे. डोळ्यांत थेंब मी घालेन, स्वयंपाक वहिनी आणि मी बघू. तुला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून तू गोधडी अर्धी ठेवली आहेस हे मला ठाऊक आहे. ती गोधडी कुणासाठी आहे तेही ठाऊक आहे, पण ह्यावेळी ती तुझ्या पलंगावर घालू.

आणि दिवाळीत आम्हाला तेल चोळायचीस ना, तसं आठवड्यातून एकदा बाईंकडून स्वतःच्या पाठीला, पायांना लावून घे. कोमट तिळाचं तेल. पैसे मी देते, ह्यावर वाद नको. काळारामाच्या देवळात तुला निवांत बसायचं होतं, तेही दादाला सांगून ठेवलंय. दर्शन झालं की लगेच निघायचं नाही, तुला हवं तेवढं बसायचं.

दादा शनिवारी इकडे कामाला येतोय, त्याच्याबरोबर दोन डबे देते. मोठा सगळ्यांसाठी. छोटा, निळ्या झाकणाचा, तुम्हा दोघांचा, नातवंडांनी मागितला तरी द्यायचा नाही. त्यांना मी वेगळं सांगितलंय. बाबांनी जेवणानंतर एकच खायची, कणीक घातलेली आहे आणि साखर कमी आहे, तरी साखर ती साखरच. गुळाची करून पाठवा असं म्हणू नका, गुळानेही रक्तातली साखर वाढते. आईला मोजमाप नाही.

माझं एक काम करा. संक्रांत जवळ आली आणि गुळाच्या पोळीचं प्रमाण मला नीट येत नाही. माझा गूळ कडेपर्यंत पसरत नाही. बेसन किती भाजायचं, तिळाचं कूट किती, पोळी लाटताना गूळ घट्ट वाटला तर काय करायचं, हे आईने सांगायचं आणि बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. त्या पानाचा फोटो वहिनी मला पाठवेल.

दादाला, वहिनीला नमस्कार, मुलांना खूप आशीर्वाद. ह्यांचा तुम्हाला नमस्कार. मुली म्हणतात आजी-आजोबांना आमच्याकडून गोड पापा.

तुमची लेक

ता. क. कानाच्या मशीनचे सेल वहीच्या पिशवीत ठेवलेत. चिकटपट्टी काढल्यावर एकदोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. आणि झोपताना मशीनचं दार उघडं ठेवा, सेल जास्त दिवस टिकतात.