भाज्या सांग पाहू!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या स्मरणशक्तीवरचा लेख वाचला. 'रोज दहा प्राणी, दहा पक्षी, दहा भाज्या म्हणवून घ्या.' म्हणजे पाढे कमी पडत होते, त्यात ही भर! लेखिकाबाईंचे आभार.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी एका शाळेने त्याला गप्पा मारायला बोलावले. (मुलाखत म्हणायचे नसते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी चाळणी लावायला बंदी आहे, म्हणून गप्पा.) बाई म्हणाल्या, "भाज्या सांग पाहू." तो म्हणाला, "बटाटा." मग बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "पोळी." बाईंनी कागदावर काहीतरी टिपले. निघताना सूनबाईंना हळूच सांगितले, "मेमरी जरा वीक वाटते."

त्याच शनिवारी हे वीक मेमरीवाले चिरंजीव माझ्याबरोबर महात्मा फुले मंडईत होते. "आबा, वांगी इथं नाही घ्यायची, आजी त्या खांबाजवळच्या मावशींकडून घेते. त्यांच्या शेजारी गवार. अळू पलीकडे. आणि ते कारलीवाले काका मला काकडी देतात." मी बोटांवर मोजत गेलो. घरी पोहोचेपर्यंत नऊ भाज्या झाल्या.

मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवत असे. या वयात ज्ञान असते, पण ते 'भाजी' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात भरलेले नसते. कुठे मिळते, कशाबरोबर खातो, अशा धाग्यांनी ते बांधलेले असते. बटाट्याची भाजी डब्यात पोळीबरोबरच येते, मग पोळी आठवली तर बिघडले कुठे? एका जातीची नावे एकापाठोपाठ काढायची युक्ती मुले आपणहून वापरू लागतात ती पुढे, चौथी-पाचवीच्या सुमारास. इस्तोमिना या रशियन बाईंनी १९४८ साली लिहून ठेवले आहे की नुसती यादी पाठ करायला सांगितल्यावर जेवढे शब्द आठवले, त्याहून जास्त त्याच वयाच्या मुलांना दुकान-दुकान खेळताना आठवले. आणि अमेरिकेत १९८३ साली ज्याच्यावर निबंध प्रसिद्ध झाला, त्या साडेचार वर्षांच्या मुलाला चाळीस डायनोसॉर ठाऊक होते. त्यातही ज्यांची त्याला जास्त माहिती, तेच त्याला चांगले आठवत. त्याला बटाटा-पोळी विचारली असती तर?

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या 'ओळखा पाहू पक्षी' या कोड्यात वटवाघूळ आहे. आमच्या बाईंनी छडी मारली असती. याच कोड्याबद्दल मागेही एक पत्र पाठवले होते. ते छापलेत, पण नेमका मुद्द्याचा परिच्छेद कापून. या वेळी कात्री जरा जपून चालवावी.

आपला,
एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे

(नाव छापू नये. गप्पांचा निकाल अजून लागायचा आहे.)