रिझालची आई आणि आमची आजी

मनिला, ३० डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

नव्या चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत तुला वाचायची मनाई आहे, तेव्हा हे पत्र बाबांनी वाचून दाखवायचं आहे. बाबा, आजी रागावेल म्हणून मधलं काही गाळू नका.

आईने फोनवर सगळं सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले नाहीत तोच तू एकादशी म्हणून डोक्यावरून न्हालीस, आणि काळा चष्मा देवघरात काढून ठेवलास. वर म्हणे, "मला सगळं लख्ख दिसतंय, आता कशाला हवा?" मी इथे डॉक्टरकी शिकते आहे, पण माझं तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून आज दुसऱ्याच एका डॉक्टरची गोष्ट सांगते.

आज इथे त्याच्याच नावाची सुट्टी आहे. होसे रिझाल, फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष. १८९६ साली आजच्या तारखेला स्पॅनिश सरकारने त्याला बंडखोर ठरवून गोळ्या घातल्या. वय अवघं पस्तीस. आपल्याकडे गांधी जयंतीला दारूची दुकानं बंद ठेवतात, तशी इथे आज कोंबड्यांच्या झुंजींना बंदी असते. १९४८ सालचा कायदाच आहे तसा. झुंजींचं इथल्या लोकांना किती वेड आहे ते पाहिलंस म्हणजे कळेल, ही साधी गोष्ट नाही.

घरमालकिणीने पहाटेच उठवलं. तिला मी 'तिता' म्हणते, म्हणजे आपली मावशी किंवा आत्याच. सांतियागो किल्ल्यातल्या त्याच्या कोठडीपासून थेट मैदानापर्यंत, तो शेवटचं चालला त्या वाटेवर, जमिनीत पितळी पावलं बसवली आहेत. आम्ही त्यांच्या कडेने चाललो. एक लहान पोरगा मात्र प्रत्येक पावलावर पाय टाकत उड्या मारत निघाला होता. मला कसंसंच झालं. पादुकांवर आपण डोकं ठेवतो, पाय नाही! तिता हसली. म्हणाली, मुलांनी त्याच्या पावलांवरून चालावं म्हणूनच तर ती बसवलीत.

लुनेता मैदानावर पुतळ्यासमोर झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. सात वाजून तीन मिनिटांनी त्याला मारलं, असं सांगतात. बंदुका घेऊन उभी असलेली पहिली रांग फिलिपिनो शिपायांचीच होती, आणि त्यांनी कच खाल्ली तर त्यांना उडवायला मागे स्पॅनिश शिपाई. देशद्रोही म्हणून त्याला पाठमोरं उभं केलं होतं. त्याआधी लष्करी डॉक्टरने नाडी पाहिली, ती अगदी नेहमीसारखी. गोळ्या लागल्यावर त्याने अंग वळवलं आणि तो आकाशाकडे तोंड करून पडला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आईचं. तेओदोरा तिचं नाव. तिची दृष्टी जात चालली म्हणून पोरगा डोळ्यांचा डॉक्टर झाला. माद्रिदला शिकला, मग पॅरिस आणि हायडेलबर्गला डोळ्यांचं काम शिकून आला. कादंबऱ्या लिहून सरकारची खप्पामर्जी ओढवली, तेव्हा १८९२ साली त्याला दूर दक्षिणेला दापितान गावी हद्दपार केलं. तिथे तो रोगी तपासायचा, गरिबांकडून पैसे घ्यायचा नाही. बंडाची तयारी करणाऱ्यांना त्याचा सल्ला हवा होता, तर त्यांचा माणूस पहाऱ्याला संशय येऊ नये म्हणून सोबत एक आंधळा रोगी घेऊन गेला! रिझालने त्यांना अजून वेळ आली नाही असं सांगून परत पाठवलं. त्यावरून इथे अजून वाद होतात, आपल्या जहाल-मवाळांसारखे.

तर तेओदोराबाई लेकाकडे दापितानला गेल्या. त्याने डोळ्याचं ऑपरेशन केलं, छान झालं. आणि बाईंनी काय करावं? सांगितलेलं न ऐकता डोळ्यावरची पट्टी सोडली. जखम चिघळली. वैतागून त्याने मेहुण्याला लिहिलं, डॉक्टरने घरच्या माणसांवर उपचार का करू नयेत ते आता चांगलंच कळलं. डोळा वाचला, ते नशीब.

आजी, अख्खा देश ज्याच्यापुढे मान झुकवतो, त्याचंही त्याच्या आईने ऐकलं नाही. मग माझी काय कथा!

रिझालच्या मरणाच्या आदल्या दिवशी त्याची आई त्याला भेटायला गेली होती. त्याची बहीणही भेटून गेली. ती निघताना त्याने तिच्या हातात स्पिरिटचा छोटा स्टोव्ह ठेवला आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत कुजबुजला, आत काहीतरी आहे. आत त्याची शेवटची कविता होती. तुझा तो काकडा लावायचा पितळी स्टोव्ह अजून माळ्यावर आहे ना? मला तोच दिसत होता.

परतताना बाजारात फळांच्या राशी होत्या. नव्या वर्षाला इथे घरात बारा गोल फळं ठेवतात, भरभराट होते म्हणे. तिताकडे अकरा जमली आहेत. बाराव्यासाठी ती कलिंगड म्हणते, मी संत्रं. माझंच चालेल, कारण पिशवी मी उचलणार आहे.

घरी आल्यावर तिने विचारलं, आजीचा डोळा कसा आहे? मी म्हटलं, डोळा बरा आहे, आजी ऐकत नाही.

बाबांना व आईला नमस्कार.

तुझी
लाडकी नात

ता. क. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, देवघरात नाही. आई रोज फोटो पाठवणार आहे.