‘फुल अँड फायनल’ कुणी शिकवायचं?

माननीय संपादक,
स. न.

दहावीचा निकाल लागला की बालगृहातल्या मुलामुलींना पेढा भरवतानाचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. बघून बरं वाटतं. मला लिहायचंय ते त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांबद्दल. तेव्हा फोटोवाले येत नाहीत.

मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सोलापुरातल्या एका बालगृहात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जाते. सुरुवातीला मीही चारचौघांसारखंच शिकवलं. माय नेम इज अमुक, आय लिव्ह इन सोलापूर, मग काळांचा तक्ता. मुलं खणखणीत आवाजात म्हणून दाखवायची. पाहुणे आले की त्यांच्यापुढेही म्हणायची आणि मला उगाच धन्य वाटायचं.

त्यातला एक मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडला आणि पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला लागला. अकरा महिन्यांनी परत आला. दीड महिन्याचा पगार राहिला होता आणि हातावर टेकवले होते ४,२०० रुपये. सही केलेल्या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. म्हटलं, वाच. त्यानं अडखळत का होईना, वाचलं : फुल, अँड, फायनल. अर्थ? “फुल म्हणजे भरलेलं, अँड म्हणजे आणि, फायनल म्हणजे शेवटची मॅच.” तिन्ही शब्द त्याला येत होते! एकत्र मिळून ते म्हणजे नोकरी सोडताना होणारा सगळ्या देण्याघेण्याचा शेवटचा हिशेब. खाली लिहिलं होतं की माझं कंपनीकडे काहीही येणं उरलेलं नाही. पैसे मिळाल्याची पावती आहे असं त्याला सांगितलं गेलं आणि त्यानं सही ठोकली. दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जात होता, स्लिपवर तसं छापलेलंही होतं, पण ती ओळ त्यानं कधी वाचली नव्हती. पीएफ खात्याचा बारा आकडी यूएएन त्याला कुणाचा तरी फोन नंबर वाटला. “लावून बघितला मॅडम, लागत नाही.”

हसू येण्यासारखं आहे, पण वर्षभर त्याला इंग्रजी मी शिकवत होते.

त्या रविवारपासून तक्ता गुंडाळून ठेवला. आता माझ्या पिशवीत पैसे भरण्याच्या स्लिपा, रद्द केलेले चेक, विजेची बिलं, नावं खोडलेल्या पगाराच्या स्लिपा आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात. मुलं एकेक कागद उचलतात आणि त्यात आपल्याला फसायला जागा कुठे आहे ते शोधतात. मेसेजमध्ये ‘डेबिटेड’ आलं तर पैसे गेले, ‘क्रेडिटेड’ आलं तर आले. हे दोन शब्द पक्के करायला तीन रविवार लागले, कारण ‘क्रेडिट’ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात क्रेडिट कार्डच. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना लागत नाही, हे मात्र एका फटक्यात कळलं. दोघांचे पैसे आधीच गेलेले होते. बँकेची शाखा ओळखायच्या आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर ‘ओ’ नसून शून्य असतं, हे सांगितलं की मुलांना गुपित कळल्यासारखं वाटतं. एबीसीडीची उजळणी अशीच होते, निराळी करावी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्वतःच्या नावावर. एका मुलीला विचारलं, तुझं स्पेलिंग काय? ती म्हणाली, “कुठलं सांगू?” शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. आमच्याकडे काही मुलांची बोली तेलुगू, काहींची कन्नड. नाव ऐकून लिहिणाऱ्यानं कानाला पडलं तसं लिहिलेलं. आईबाप असलेल्या घरात कुणीतरी तहसीलला चार हेलपाटे घालून हे निस्तरतं. इथे कोण घालणार? २०१८ साली राज्यानं अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं, चांगलंच केलं. पण त्यासाठी कागद लागतात आणि कागदांवरची नावं जुळावी लागतात.

फॉर्म मराठीत का नकोत, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. शाखेतले छापील फॉर्म प्रादेशिक भाषेतही असावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, चेक मराठीत लिहिता येतो, मी स्वतः असे चेक वटवले आहेत. त्यासाठी भांडावंच. पण कंत्राटदाराचा कागद आज सायंकाळी पुढ्यात येतो आणि तो इंग्रजीत असतो.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलं दहा वर्षं इंग्रजी शिकलेली असतात. त्यावर देणगीदार ‘स्पोकन इंग्लिश’चा तीन महिन्यांचा कोर्स आणून देतात, शेवटी टाय लावून फोटो. माझं स्पष्ट मत आहे की या मुलांना आधी बोलायला नको, सही करण्याआधी वाचायला शिकवा. ‘मला हा कागद उद्यापर्यंत द्या, मी वाचून सही करतो’ एवढं वाक्य मराठीत ठणकावून म्हणता आलं तरी पुष्कळ. ते आम्ही नाटक करून घोकून घेतो. कंत्राटदार मी होते आणि मुलं मला घाबरत नाहीत, हीच अडचण आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्यांना आर्थिक मदत देता येईल असं म्हटलंय. ती मिळो न मिळो, महिला व बालविकास विभागानं निदान बालगृहातल्या शेवटच्या वर्षात आठवड्याला दोन तास या कागदांसाठी राखून ठेवावेत. बँका, पोस्ट, एलआयसीतून निवृत्त झालेली आमच्यासारखी माणसं गावोगाव रिकामी बसली आहेत. आम्हाला मानधन नको, आत यायची लेखी परवानगी हवी. मला ती मिळायला सात महिने लागले.

आणि वाचकांना एक विनंती. दिवाळीत बालगृहात मिठाईचे डबे इतके येतात की ते संपवता संपवता मुलांची पोटं बिघडतात. यंदा त्यासोबत आपली एखादी जुनी पगाराची स्लिप, नेमणुकीचं पत्र किंवा विम्याचा फॉर्म झेरॉक्स काढून द्या. नाव, पत्ता आणि नंबर तेवढे काळ्या पेनानं नीट खोडा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर