यवतेश्वर घाटातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही. साताऱ्यात पहाटे घाटात भेटणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानेच ओळखतात. निळी टोपी आणि खांद्यावर पंचा, एवढ्या खुणेवर हे पत्र पोचावं.

या रविवारी मी न थांबता ५ किलोमीटर धावले. घाटात नव्हे हो, खाली सपाटीवर. वय सत्तेचाळीस. घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, लेकीने फोनवर अंगठा पाठवला. म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुमच्या आधी भेटलेल्यांचंही लिहिते, पोटात ठेवून काय करू? एका जिममध्ये पैसे भरले, तिथल्या पोराने मला काट्यावर उभं करून आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग एका ग्रुपबरोबर गेले. ‘आम्ही सगळ्यांना बरोबर घेऊन धावतो’ म्हणाले आणि पहिल्याच वळणावर दिसेनासे झाले. परत येताना माझा फोटो मात्र काढला. खाली लिहिलं, ‘वयावर मात’. अहो, वयाने माझं काय घोडं मारलं होतं?

तुम्ही त्या दिवशी घाट उतरत होतात. म्हणजे तुमचं धावणं झालं होतं, खाली जाऊन चहाच काय तो राहिला होता. मी कठडा धरून धापा टाकत होते. तुम्ही चौकशी केली नाहीत, सल्ला दिला नाहीत. नुसते उलट फिरलात आणि माझ्या चालीने पुन्हा घाट चढू लागलात. जरा वेळाने म्हणालात, “सतराचा पाढा म्हणा.” मला वाटलं थट्टा करताय. सतरा पंचे पंच्याऐंशीला माझा श्वास तुटला, तशी तुम्ही चाल कमी केलीत. “पाढा तुटला की चालायचं, जमला की पळायचं.”

यालाच टॉक टेस्ट म्हणतात, हे पुढे वाचलं. बोलता येईल इतक्याच वेगाने नवख्याने धावावं. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून धावलेले जेफ गॅलोवेही नवख्यांना ‘थोडं धावा, थोडं चाला’ असंच शिकवत. दम काही आठवड्यांत वाढतो, पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी आणि हाडं भक्कम व्हायला मात्र महिने लागतात. हे मला त्या ग्रुपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

पण पाढ्यापेक्षा मला तुमचं ते वळणं जास्त आठवतं. तुमचेही गुडघे काही विशीतले नाहीत, झालेला घाट पुन्हा कशाला चढायचा? आपल्याच जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या, ते आपण छाती फुगवून सांगतो, सांगावंच. तुमच्यासारख्यांचं कुणी सांगत नाही. एसटीत अनोळखी बाईचं पोर मांडीवर घेणारी, लाइट गेली की शेजारच्या आजींना पाण्याची कळशी वर नेऊन देणारी अशी माणसं गावात बरीच आहेत, आणि गाव त्यांच्यावरच चाललंय असं मला हल्ली वाटतं.

बरेच दिवसांत तुम्ही दिसला नाहीत. तब्येत ठीक असेल असं धरून चालते. मी रविवारी सहाला समर्थ मंदिराजवळ असते. नाश्ता आमच्याकडे, काकूंनाही आणा. पोहे की उपमा, तेवढं आधी कळवा.

आपली,
घाटात भेटलेली एक बाई