काकाजी, पोरांना मशीन धरायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे, ते सोड" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. चार लोकांनी वाचावं हीही इच्छा आहे, कारण तुम्ही जे केलं ते माझ्या धाकट्या भावापुरतं राहिलेलं नाही. आपल्या भागात गावोगावी आता ही पेट्रोलवरची झाड कापायची मशीन आली आहे. अवकाळीनं झाड आडवं झालं की कुऱ्हाड कोणी काढत नाही, मशीन तासाच्या भाड्यानं आणतात. भाडं घेणारा पेट्रोल कुठं टाकायचं, दोरी कशी ओढायची एवढं दाखवतो आणि जातो. ती उलटते कशी, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या दिवशी आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेल्या बाभळीच्या फांद्या छाटणं सुरू होतं. धाकट्याची नजर समोरच्या जाड फांदीवर होती. मशीनच्या पट्टीचं, म्हणजे जिच्याभोवती दातांची चेन फिरते तिचं, टोक पलीकडे पाल्यात लपलेल्या दुसऱ्या फांदीला टेकलं. मी जवळच उभा होतो, पण मशीन वर गेलेली मला दिसलीच नाही; तो डावा खांदा धरून खाली बसलेला तेवढा दिसला. भाड्यानं आणलेल्या त्या मशीनचं पुढचं गार्ड मोडलेलं होतं. त्या गार्डचा अर्थ काय, ते तुमच्याकडून नंतर कळलं.

तुम्ही मूल गावाकडे निघाला होता. ओरडा ऐकून गाडी रस्त्यावरच टाकून धावत आलात. आल्या आल्या आधी मशीन बंद केली, कारण ती तशीच मातीत पडून फुरफुरत होती आणि आमच्यापैकी कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची जाड घडी केली, ती जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार देऊन दाबली. कोणीतरी घरून हळद आणायला निघालं, तर तुम्ही मान न वळवता म्हणालात, "काही टाकू नका बाप्पा, फक्त दाबून धरू द्या." मला राहून राहून घडी उचलून पाहावंसं वाटत होतं. तुम्ही पाहू दिलं नाही. रक्त वर आलं तेव्हाही घडी काढली नाही, माझा शर्ट मागून तिच्यावर दुसरा थर चढवला. हाताला जखम असती तर वरच्या बाजूला आवळपट्टी बांधता आली असती. खांद्याला ती बांधायला जागाच नसते, तिथं दाबण्याशिवाय इलाज नाही, हे तुम्ही नंतर समजावलं.

१०८ ला फोन लावला तेव्हा माझी बोबडी वळली होती. तुम्ही फोन कानाला लावायला सांगून गावाचं नाव, फाटा, फाट्यापासूनचा रस्ता असं एकेक शांतपणे सांगितलं आणि एका पोराला सायकलवर फाट्यावर उभं केलं. गाडी न चुकता धुऱ्याच्या तोंडाशी आली ती त्या पोरामुळे. चंद्रपूरला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की दाबून कोणी धरलं होतं?

या मशीनची जखम विळ्या-कोयत्यासारखी नसते, हेही तिथंच पाहिलं. चेनचा प्रत्येक दात लाकडाचा ढलपा काढायला केलेला असतो, तो मांसाचाही ढलपाच काढतो. कडा फाटलेल्या, मधला भाग गेलेला, आत सालीचे तुकडे आणि चेनचं तेल. ते सगळं धुऊन काढायलाच डॉक्टरांना फार वेळ लागला. आज धाकटा आपला शर्ट आपण घालतो, हात डोक्यापर्यंत नेतो. जड ओझं अजून उचलू देत नाहीत.

पण काकाजी, पत्र लिहायला बसलो ते यानंतरच्या गोष्टीसाठी. तो घरी आल्यावर तुम्ही भेटायला आलात ते स्वतःची मशीन घेऊन. जंगलकामात, सागाच्या विरळणीत तुमचा जन्म गेला. गावातल्या मशीन चालवणाऱ्या पोरांना तुम्ही आमच्या अंगणात बसवलं आणि कितीतरी वेळ मशीन चालूच केली नाही. खिशातून खडू काढला, पट्टीच्या गोल टोकाचा वरचा अर्धा भाग पांढरा केला आणि सगळ्यांच्या हाती तो फिरवला. "एवढ्यानं लाकडाला शिवायचं नाही," म्हणालात. पट्टीच्या वरून पुढे धावणारी चेन टोकाच्या त्या भागावर लाकडात शिरू पाहते, दात अडतो, आणि अडलेला जोर सगळी पट्टी उचलून कापणाऱ्याच्या तोंडाकडे फेकतो. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. माणसाला काय झालं हे कळायच्या आत मशीन येऊन गेलेली असते. म्हणून हात चपळ असून भागत नाही, आधीच नीट उभं राहावं लागतं, हे तुम्ही इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की आमचा शेजारचा पोरगा, जो कोणाचंच ऐकत नाही, तोही गप्प बसून ऐकत होता.

मग पकड. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीच्या खालून वेढलेला पाहिजे. तो वर ठेवला की झटक्यात दांडी निसटते. डावा कोपर ताठ. आणि उभं राहायचं ते मशीनच्या रेषेत नाही, तिच्या डावीकडे सरकून, म्हणजे ती उसळलीच तर उजव्या खांद्याबाहेरून जाईल. "डोकं पट्टीच्या मागे आणजो नको," हे तुम्ही प्रत्येकाला वेगळं, जवळ जाऊन सांगितलं. एकेकाला उभं करून बंद मशीन हातात दिली आणि त्याचा पाय, कोपर, अंगठा आपल्या हातानं जागेवर बसवला.

त्यानंतर ते पुढचं गार्ड. आम्ही त्याला हात वाचवायचं प्लॅस्टिक समजत होतो. ते ब्रेकचं हँडल आहे! मशीन उसळली की मनगट त्यावर आदळतं, किंवा चांगल्या मशीनमध्ये झटक्याच्या जोरानंच ते पुढे पडतं, आणि चेन क्षणात थांबते. गार्ड मोडलं म्हणजे ब्रेक गेला. तुम्ही "टक्" असा आवाज करून ते पुढं-मागं करून दाखवलं आणि म्हणालात, हा आवाज आला नाही तर पेट्रोल टाकू नका. आता आमच्या गावात भाड्याची मशीन आली की पोरं पहिल्यांदा तो आवाज ऐकतात. एकदा आला नाही, तर मशीन परत पाठवली. मालक रागावला, पण दुसरी दिली.

चेनच्या धारेवर तुम्ही बराच वेळ घालवला, आणि ते बरं केलं. बोथट चेन असली की माणूस रेटतो, आणि रेटताना तोल जातो. गोल कानस कोणत्या दातावर कशी फिरवायची ते दाखवलंत, आणि दातापुढचा तो छोटा उंचवटा जास्त घासू नका म्हणून बजावलंत, कारण तो खाली गेला की दात प्रमाणाबाहेर खोल चावतो आणि मशीन झटके खाते. आमच्याकडे कित्येक जण लवकर कापावं म्हणून मुद्दाम तो घासतात.

पडलेल्या झाडाबद्दल जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उभ्या झाडापेक्षा वादळानं पाडलेलं झाड फसवं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू आवळलेली आणि खालची ताणलेली असते. वरून कापत गेलं की चीर मिटते, पट्टी अडकते. आधी आवळलेल्या बाजूनं थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूनं पुरं करायचं. वाकून दबलेली फांदी तर एका घावात सोडायचीच नाही, ती सुटली की तोंडावर येते. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, तिला घेऊन झाडावर चढायचं नाही, एकट्यानं कापायचं नाही. गळ्यात दुपट्टा, पायात चप्पल चालणार नाही. जाळीवालं हेल्मेट आणि बूट आता तीन-चार पोरांकडे आहेत. मांडीवरची ती खास पँट महाग पडते, पण तिच्यातले लांब धागे चेनमध्ये ओढले जाऊन चाक जाम करतात हे कळल्यावर दोघांनी मिळून एक घेतली, आळीपाळीनं घालतात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईनं दिलेली तुरीची डाळही अर्धी परत केली. माझ्याकडून आणखी काही घ्यायला तुम्ही तयार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मागतोच. शेजारच्या दोन गावांतून पोरांनी निरोप पाठवला आहे, की काकाजींना आमच्याकडेही आणा. मृगाच्या आधी, म्हणजे वादळाचे दिवस संपायच्या आत जमलं तर बघा. तुमचा गुडघा दुखतो, तेव्हा गाडी मी घेऊन येईन. धाकटा सोबत येतो म्हणाला आहे. खांदा उघडून पोरांना दाखवायला त्याची हरकत नाही. खडूही मी आणतो.

आपला,
धुऱ्यावरच्या त्या पोराचा मोठा भाऊ