जुने घर वरून खाली उतरवा

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की सोलापूरच्या गावठाणातल्या धोकादायक घरांना नोटिसा लागतात. मग ऐन पावसात घाईघाईने जेसीबी बोलावला जातो. कसबा, बाळीवेस, चाटी गल्ली, मंगळवार पेठ इथली मातीत बांधलेली दगडी घरे अशी ढकलून पाडण्याजोगी नाहीत. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी काही सेकंदांत खाली आली, पण तिच्याभोवती मोकळी जागा होती. गल्लीतल्या घराला दोन्ही अंगांनी शेजारी असतो आणि मधली भिंत बहुधा सामाईक असते.

खरा धोका माळवदात, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवरच्या मातीच्या सपाट छतात. दरवर्षी पावसाआधी वर नवी माती पसरायची रीत असल्याने थर फूटभर, कधी त्याहूनही जाड झालेला असतो. 10 बाय 12 च्या एका खोलीवर फूटभर माती म्हणजे 120 घनफूट, सुमारे सव्वा ब्रास, साधारण साडेपाच टन. भिजली की आणखी जड. बकेटचा धक्का बसला की हे सगळे ओझे एकदम खाली येते आणि भिंतीला बाहेर रेटते. म्हणून आधी खालून तुळयांना टेकू द्यावेत, मग माती पाट्यांनी उतरवावी, तीही खोलीच्या मध्यावरून दोन्ही कडांकडे. उतरवलेली माती खालच्या मजल्यावर साठवली तर जड छत फक्त एक मजला खाली आणल्यासारखे होते. ती थेट बाहेर गेली पाहिजे. त्यानंतर फळ्या, तुळया आणि शेवटी भिंती, एका वेळी फूट-दीड फूट. भिंतीवर उभे राहून तीच भिंत फोडणारा मजूर आपल्याकडे सर्रास दिसतो. त्याला बाजूला परांची बांधून देणे एवढे काही महाग नाही.

सामाईक भिंतीत तुळईचे टोक रुतलेले असते. ते ओढून काढू नये, त्यासोबत शेजाऱ्याचे दगड सुटतात. भिंतीपासून इंचभर अंतरावर करवतीने कापावे, आत राहिलेला तुकडा नंतर सावकाश काढून खोबण लगेच विटा-सिमेंटने भरावी. या भिंतींचे दोन्ही दर्शनी थर दगडाचे आणि पोटात माती-खडी असते. वरचे छत गेले की पाणी माथ्यावरून सरळ पोटात शिरते, माती फुगते, भिंत पोट काढते आणि घर उतरवल्यानंतर काही दिवसांनी शेजाऱ्याच्या खोलीत कोसळते. त्यामुळे माथा उघडा पडेल त्याच दिवशी त्यावर सिमेंटचा उतार द्यावा, निदान ताडपत्री घट्ट बांधावी. नव्या पायाचा चरही शेजारच्या भिंतीलगत सलग खणू नये. चार-पाच फुटांचा तुकडा खणून, भरून, मगच पुढचा घ्यावा. आपल्या काळ्या मातीत पावसाचे पाणी साठलेला उघडा चर म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला तडा ठरलेलाच.

यंत्र अंगणात घेण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्यावे. जुन्या वाड्यांत पेव (धान्य साठवायचे जमिनीखालचे कोठार) आणि आड असतो, नळाला रोज पाणी नसल्याने हौद तर घरोघरी. हौदाचा स्लॅब यंत्राच्या भारासाठी नव्हे, वर चालणाऱ्या माणसांसाठी केलेला असतो; सात-आठ टनांचे यंत्र त्यावर गेले की खचते. वीज फक्त मेन स्विचने बंद करून भागत नाही. महावितरणकडे अर्ज देऊन जोडणी खांबावरूनच सोडवून घ्यावी. ड्रेनेजचे तोंड पोत्याने आणि विटांनी बंद करावे, नाहीतर माती गेल्यावर गल्लीतले सगळ्यांचेच चेंबर तुंबते.

यंत्रमागाच्या जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे हा वेगळाच विषय. त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असते. हातोड्याने फोडले की न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. पत्रा पाण्याने भिजवावा, आकड्यांचे नट सोडवून अख्खा उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. त्यावर पाय देऊ नये, फळी टाकूनच चालावे. पत्रा फुटून मजूर खाली पडणे हे या कामातले जुने दुखणे आहे. असे पत्रे राडारोड्यात मिसळणे किंवा गोठ्यावर घालायला देणे, दोन्ही चूक.

राडारोड्याबद्दल केंद्राच्या 2016 च्या नियमांत काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे करायला सांगितले होते. इथे सागवान आणि लोखंड तेवढे निवडले जाते, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. बाकीचे रात्री ट्रॉलीने नाल्याकाठी. शेळगी नाला किंवा आदिला नदीच्या पात्रात ओतलेली प्रत्येक ट्रॉली पाण्याची वाट तेवढी अरुंद करते.

धोकादायक इमारतीची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली निघते. तिच्यासोबत एक पान जोडावे: उतरवण्याचा क्रम, टेकू कुठे, सामाईक भिंतीचा माथा कोण झाकणार, राडारोडा कोणत्या जागी जाणार. त्यावर अभियंत्याची आणि शेजाऱ्याची सही घ्यावी. आणि या नोटिसा मे महिन्यात नकोत. गड्ड्याची यात्रा संपली की जानेवारीअखेर निघाल्या, तर एप्रिलपर्यंत कोरड्यात घर उतरवून होते.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, सोलापूर