घोषणेतले रोजगार नंतर कोणी मोजतं का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मोठा प्रकल्प आपल्या राज्यात आला की हारतुरे आणि शेजारच्या राज्यात गेला की शिव्याशाप, एवढंच औद्योगिक धोरण उरलंय की काय असं वाटायला लागलंय. करारावर सह्या झाल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात इतके हजार कोटी, इतके हजार रोजगार असं ठळक छापून येतं (तुमच्याही पेपरात येतं, रागावू नका), पण तीन वर्षांनी तिथं किती जण खरंच कामाला लागले ही बातमी काही सापडत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं बघा. 2017 मधे फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने सांगितलं 10 अब्ज डॉलर गुंतवतो, 13 हजार नोकऱ्या देतो, आणि राज्याने जवळपास 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल करून टाकल्या. माउंट प्लेझंट नावाच्या गावात लोकांची घरं घेतली, रस्ते रुंद केले, 2018 मधे खुद्द ट्रम्प सोनेरी फावडं घेऊन भूमिपूजनाला हजर. 2021 मधे करार नव्याने लिहिला तेव्हा 13 हजारचे 1,454 झाले होते आणि सवलत आली 8 कोटी डॉलरवर. पण एक शहाणपणा त्यांनी केला होता, आधी माणसं कामावर दाखवा मग पैसे अशी अट मूळ करारातच होती. 2018 साली किमान 260 जण हवे होते, तेवढेही भरले नाहीत, म्हणून त्या वर्षी सवलत शून्य! रस्ते आणि जमिनीवरचा खर्च मात्र आधीच होऊन गेलेला, तो कोण परत देणार.

कॅन्सस आणि मिझुरीचं तर त्याहून भारी. कॅन्सस सिटी दोन राज्यांत पसरलंय आणि मधली हद्द म्हणजे चक्क एक रस्ता, स्टेट लाइन रोड. कंपनी ऑफिस उचलून हद्दीपलीकडे न्यायची, पलीकडचं राज्य करात सूट द्यायचं आणि नवीन रोजगार म्हणून मिरवायचं, माणसं तीच, काम तेच, राहती घरंसुद्धा तीच, फक्त सकाळी गाडी दुसऱ्या बाजूला वळवायची. शेवटी 2019 मधे दोघांनी तह केला की तिथल्या कंपन्या असे पैसे देऊन पळवायच्या नाहीत.

आपल्या महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना, म्हणजे उद्योगांना सवलती देणारी सरकारी योजना, 1964 पासूनची. मुंबई-पुण्याबाहेर मागास भागात कारखाने जावेत हा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात सवलतीची रक्कम ठरते ती मुख्यतः भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे महागडी ऑटोमॅटिक लाइन टाकणाऱ्याला जास्त फायदा आणि शंभर पोरं कामाला ठेवणाऱ्याला कमी, मग रोजगार वाढत नाही म्हणून परत समित्या कशाला नेमायच्या?

सरकारने कंपनीवार यादी वेबसाइटवर टाकावी, कबूल केलेले रोजगार किती, आजवर सवलत म्हणून जीएसटीचा परतावा किती दिला आणि पीएफ भरला जातोय असे कामगार किती. आणि कंत्राटदाराच्या पटावरचे वेगळ्या रकान्यात दाखवा, कारण खरी मेख तिथेच आहे.

आपला,
एक नियमित वाचक